न्यूयॉर्कची 'आठवी' आणि सॉलिड टेन्शन!

गणितात आपली मुलं बाजी मारतातच. पण न्यूयॉर्कच्या नामांकित हायस्कुलांच्या प्रवेश परीक्षेत अर्धा पेपर इंग्रजीचा असतो आणि खरी कुस्ती होते ती तिथेच. क्वीन्समधल्या एका मराठी घरातल्या तयारीचा हा आँखो देखा हाल...

क्लास, टेस्ट सिरीज, कटऑफ, 'तुमच्या मुलाला किती पडले?'... हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर काय येतं? दादरचे क्लासेस, लातूर पॅटर्न, नाहीतर थेट कोटा. बरोबर? आता हे सगळं जसंच्या तसं उचला आणि न्यूयॉर्कमध्ये नेऊन ठेवा. हो हो, त्याच न्यूयॉर्कमध्ये, जिथे म्हणे मुलांना अभ्यासच नसतो! 'अमेरिकेत काय बाबा, मजाच मजा' असं म्हणणाऱ्या तमाम काका-काकूंना एकदा ऑक्टोबर महिन्यात क्वीन्समधल्या एखाद्या देसी घरात नेऊन बसवायला हवं. आठवीतलं पोरगं टेबलाशी, आई घड्याळ लावून समोर आणि बाबा आवाज बंद करून क्रिकेट बघतायत. सेम टू सेम!

या टेन्शनचं नाव आहे 'एसएचएसएटी', म्हणजे स्पेशलाइज्ड हायस्कूल्स ॲडमिशन्स टेस्ट. न्यूयॉर्क शहरात चारशेच्या वर सरकारी हायस्कुलं आहेत. त्यातल्या आठ शाळांमध्ये नववीचा प्रवेश फक्त आणि फक्त या एका परीक्षेवर होतो. शाळेतले मार्क, सरांचं शिफारसपत्र, इंटरव्ह्यू, डोनेशन, ओळखपाळख... काही म्हणजे काही चालत नाही. फी विचाराल तर शून्य, कारण या सरकारी शाळा आहेत. दरवर्षी सुमारे 26 हजार मुलं बसतात आणि जागा मिळते साधारण चार हजारांना.

मी क्वीन्समध्ये राहतो आणि पोटापाण्यासाठी टेक्निकल रायटिंग करतो. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, चार स्टेशनं पलीकडे राहते. तिच्या लेकीने 2024 च्या नोव्हेंबरात ही परीक्षा दिली. त्याआधीचे दहा महिने घरात कामाची सरळ वाटणी होती. गणित भाऊजींकडे, इंग्रजी मामाकडे. दर शनिवारी सकाळी दहा वाजता माझी हजेरी. त्यामुळे हे सगळं अगदी पहिल्या रांगेत बसून बघितलंय!

एवढं काय आहे त्या शाळांमध्ये?

आठ शाळांमधली तीन नावं तर तिकडच्या प्रत्येक देसी आईला पाठ असतात. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक.

स्टायव्हसंट 1904 सालची. सुरुवातीला फक्त मुलांची, मुलींना तिथे प्रवेश मिळाला थेट 1969 मध्ये. 1992 पासून ती मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला, हडसन नदीच्या काठावर दहा मजली इमारतीत आहे. शाळेत चक्क एस्कलेटर! 'अँजेलाज ॲशेस'साठी 1997 मध्ये पुलित्झर मिळवणारे फ्रँक मकोर्ट याच शाळेत इंग्रजीचे मास्तर होते.

ब्राँक्स सायन्स 1938 ची. तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना नोबेल मिळालंय, त्यात सात एकट्या फिजिक्सचे. नववं नाव क्लॉडिया गोल्डिन यांचं, 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल. आणि ब्रुकलिन टेक म्हणजे अवाढव्य कारखानाच, जवळपास सहा हजार मुलं.

या तीन शाळांचा प्रवेश परीक्षेवरच व्हायला हवा, असा राज्याचा कायदाच आहे, 1971 सालचा. पुढे आणखी पाच शाळा याच परीक्षेला जोडल्या गेल्या. ज्यांच्याकडे ओळखी नाहीत, पैसा नाही, पण पोरगं हुशार आहे, त्यांच्यासाठी हा सरळ दरवाजा. म्हणूनच आधी युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी आणि नंतर चिनी, कोरियन, बांगलादेशी आणि भारतीय आईबापांनी या परीक्षेवर जीव टाकला. फ्लशिंग आणि जॅक्सन हाइट्सच्या रस्त्यांवर क्लासेसच्या पाट्या बघितल्या, की दादर स्टेशनबाहेर आल्यासारखंच वाटतं.

पेपरचा फंडा

वेळ तीन तास. प्रश्न 114. त्यातले 57 इंग्रजीचे, 57 गणिताचे. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटापेक्षा जरासा जास्त वेळ. प्रत्येक भागातले दहा प्रश्न पुढच्या वर्षांसाठी फक्त आजमावून बघायचे असतात, त्यांचे मार्क धरतच नाहीत. पण ते दहा कोणते हे कळत नाही, त्यामुळे सगळेच मन लावून सोडवायचे! चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणिताला कॅल्क्युलेटर नव्हता, त्यामुळे आपल्या पाढ्यांची चंगळ.

इंग्रजीचे दोन भाग. पहिला 'रिव्हायजिंग-एडिटिंग', म्हणजे वाक्यातली चूक शोधा, परिच्छेद सुधारा, कुठलं वाक्य काढून टाकलं तर बरं ते सांगा. दुसरा भाग उतारे वाचण्याचा. तो जास्त मार्कांचा. माहितीपर उतारे, कथेतला तुकडा आणि हो, कवितासुद्धा!

2016 पर्यंत यात एक भन्नाट प्रकार होता. परिच्छेदातली वाक्यं उलटसुलट करून द्यायची आणि मुलांनी ती क्रमाने लावायची. एक जरी वाक्य चुकीच्या जागी बसलं तरी त्या परिच्छेदाचे सगळे मार्क गेले! 2017 पासून हे बंद झालं. त्यामुळे कुणी जुनी पुस्तकं प्रेमाने दिली तर आधी साल बघा. 2025 मध्ये परीक्षा कॉम्प्युटरवर आली आणि 2026 पासून ती 'ॲडॅप्टिव्ह' करायचं जाहीर झालं, म्हणजे तुमच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे किंवा अवघड होणार. आमची भाची कागदावर पेपर देणाऱ्या शेवटच्या बॅचमधली.

शाळा कशी मिळते? आपल्या कॅप राउंडसारखंच. मुलांनी पसंतीक्रम द्यायचा. सगळ्यांना मार्कांनुसार एका रांगेत उभं करायचं आणि पहिल्या नंबरापासून ज्याला जी हवी ती शाळा द्यायची, जागा संपेपर्यंत. स्टायव्हसंटचा कटऑफ सर्वात वर, अलीकडे साडेपाचशेच्या पुढेच असतो.

गणित ओके, इंग्रजीचं काय?

भाची पाचवीत असताना पुण्याहून इकडे आली. पुण्यात इंग्रजी मीडियम, इकडे आल्यावर वर्षभरात अमेरिकन ॲक्सेंट. त्यामुळे ताई-भाऊजींना वाटायचं, इंग्रजी काय, येतंच! जानेवारीत पहिला प्रॅक्टिस पेपर दिला. गणितात 57 पैकी 46. इंग्रजीत 31.

घरात एकदम शांतता. भाऊजी म्हणाले, "अहो, पण ही तर दिवसभर इंग्रजीच बोलते!"

इथेच खरी गोम आहे. बोलता येणं वेगळं आणि समोरच्या वाक्यात नेमकं काय लिहिलंय, काय लिहिलेलं नाही, हे पकडणं वेगळं. गणिताची पोरं तर सगळ्याच देसी घरांत तयार असतात. त्यांच्यात रांग लागते ती इंग्रजीवर. आणि गणितासारखा 'रोज पन्नास सोडव' हा उपाय इंग्रजीला एका मर्यादेपलीकडे लागू पडत नाही.

क्लासमध्ये काय केलं? आठशे अवघड शब्दांची यादी दिली. भाचीने ती बिचारीने पाठही केली. पण या परीक्षेत शब्दांचे अर्थ सुटे विचारतच नाहीत! उताऱ्यात तो शब्द तिथे काय काम करतोय, एवढंच विचारतात. यादी ड्रॉवरमध्ये गेली.

डोकं मराठी, वाक्य इंग्रजी

मग आम्ही वेगळंच काम केलं. तिच्या चुका एका वहीत लिहायला लागलो आणि चुकलेल्या प्रत्येक वाक्यासमोर तेच वाक्य मराठीत. महिन्याभरात गंमत लक्षात आली. तिच्या अर्ध्याअधिक चुका म्हणजे चांगलं मराठी होतं!

हे वाक्य बघा. 'वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड.' तिला यात काही खटकलंच नाही. खटकणार कसं? 'स्टेशनला चालत जाताना पाऊस सुरू झाला' हे मराठीत झकास वाक्य आहे. कोण चालत होतं ते आपण समजून घेतो. इंग्रजी मात्र समजून घेत नाही. तिथे स्वल्पविरामानंतर जो आला, तोच चालत होता. म्हणजे पाऊस निघाला स्टेशनला! भाची खो खो हसली आणि त्यानंतर हा प्रश्न तिचा एकदाही चुकला नाही.

दुसरं उदाहरण. 'आंब्यांची पेटी आली.' मराठीत 'पेटी' आणि 'आली' शेजारी शेजारी, त्यामुळे गडबडीला वावच नाही. इंग्रजीत म्हणायचं 'द बॉक्स ऑफ मँगोज हॅज अराइव्हड'. इथे क्रियापदाच्या शेजारी येऊन बसलेत आंबे! मग जीभ आपोआप 'हॅव' म्हणते. परीक्षेत तर पेटी आणि क्रियापद यांच्यामध्ये दहा-बारा शब्द घालून ठेवतात. उपाय एकच. विचारायचं, 'आलं कोण?' पेटी. संपला विषय.

तिसरा प्रकार स्वल्पविरामाचा. 'उशीर झाला होता, आम्ही टॅक्सी केली.' मराठीत चालतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की चूक. तिथे पूर्णविराम, अर्धविराम नाहीतर 'सो'सारखा शब्द पाहिजेच.

आणि चौथा प्रकार तर आपला लाडका. 'रिटर्न बॅक', 'रिपीट अगेन'. एकच गोष्ट दोनदा सांगायची. हे समजवायला मला व्याकरणाचं पुस्तक लागलंच नाही. 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचं गोमूत्र' एवढं पुरलं! त्यानंतर असं वाक्य दिसलं की ती समासात बारीक अक्षरात 'पि. पी.' लिहायची.

मुद्दा काय, तर घरातलं मराठी आड येत नव्हतं. दोन भाषा शेजारी ठेवल्या की दोघींचे नियम आपोआप दिसतात. एकच भाषा येणाऱ्या मुलाला ही सोयच नाही.

घरात 'ओन्ली इंग्लिश'!

पण हे सगळं ताईला पटायला वेळ लागला. मार्चमध्ये क्लासच्या सरांनी पालकांच्या मीटिंगमध्ये सांगितलं, 'घरी फक्त इंग्रजी बोला.' झालं! दुसऱ्या दिवसापासून घरात मराठी बंद. जेवायला बसतानाही 'पास द भाजी'.

नेमकी एप्रिलमध्ये मावशी आली, नाशिकहून, सहा महिन्यांसाठी. म्हणजे ताईची आई, भाचीची आजी. पोस्टात तीस वर्षं काउंटरवर बसलेली बाई. इंग्रजी वाचता येतं, समजतंही, पण बोलायची सवय नाही. नियम ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझं काय गं, मी गप्प बसेन. सहा महिने काय, निघून जातील."

आणि ती खरंच गप्प बसायला लागली. दुपारी शाळेतून आलेल्या नातीला पोहे द्यायचे, शेजारी बसायचं आणि काही विचारायचं नाही. दोन-तीन शनिवारांनंतर भाचीच मला म्हणाली, "मामा, आजी माझ्याशी बोलतच नाही."

मी ताईकडे विषय काढला. ती भडकलीच. "तुला काय जातंय बोलायला! मला काय हौस आहे का आईला गप्प बसवायची? प्रायव्हेट शाळेची फी बघितलीयस इकडची? आमचा दोघांचा पगार एकत्र केला तरी जमणार नाही. एका मार्काने शाळा जाते इथे."

तिचं चूक म्हणवत नव्हतं. ताई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट करते. कधी रात्री अकराला येते, कधी पहाटे निघते. जी एक गोष्ट आपल्या हातात आहे असं तिला वाटत होतं, ती करत होती.

मग एका शनिवारी उतारा होता ब्रुकलिन ब्रिजवर. पुलाचा इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग आजारी पडतो आणि त्याची बायको एमिली त्याच्या वतीने काम बघायला लागते. अखेर 1883 मध्ये पूल खुला होतो. भाचीचे आठपैकी चार प्रश्न चुकले. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. मावशी भाजी निवडत होती. तिने हळूच विचारलं, "काय गोष्ट आहे गं?"

भाचीने आईकडे बघितलं. ताई काही बोलली नाही. मग पोरीने मराठीत सांगायला सुरुवात केली. पाच मिनिटं झाली, गोष्ट काही संपेना. मावशी म्हणाली, "एवढं नको. मनीऑर्डरच्या फॉर्मवर संदेशाला जागा असायची एवढीशी. माणसं काउंटरवर येऊन घरची सगळी कर्मकहाणी सांगायची आणि मी ती दोन ओळींत बसवायचे. तशी सांग."

भाची थांबली. विचार केला. म्हणाली, "नवरा आजारी पडला. बायकोने काम शिकून घेतलं आणि पूल पूर्ण करून दाखवला."

"हां. मग तिला आधीपासून त्यातलं येत होतं का?"

"हो, तिला इंजिनिअरिंगची आवडच होती."

"हे त्यात लिहिलंय, की तू सांगतेयस?"

भाचीने उतारा पुन्हा बघितला. खालीवर दोनदा. "नाही लिहिलेलं," ती म्हणाली. आणि एकदम ओरडली, "मामा! हाच तर माझा चुकलेला प्रश्न!"

खरंच तोच होता. चार पर्यायांपैकी एक होता 'एमिलीला लहानपणापासून इंजिनिअरिंगची ओढ होती'. ऐकायला छान, पटण्यासारखा, पण उताऱ्यात कुठेही नसलेला. या परीक्षेतला उताऱ्यांचा सगळा खेळ एवढाच आहे. चारही पर्याय बरे दिसतात. उत्तर तेच, ज्याच्यावर उताऱ्यात बोट ठेवता येतं.

त्या दिवसापासून मावशीला ड्युटी लागली. रोज दुपारी एक उतारा. नातीने इंग्रजीत वाचायचा, आजीला मराठीत दोन ओळींत सांगायचा आणि आजीने एकच प्रश्न विचारायचा, 'हे लिहिलंय की तू सांगतेयस?' ताईने नियम मागे घेतल्याचं कधी जाहीर केलं नाही. पण आठवड्याभरात जेवणाच्या टेबलावर 'पास द भाजी' बंद झालं. ऑगस्टच्या शेवटी इंग्रजीचा स्कोअर 44 वर आला. कवितेचीसुद्धा भीती गेली. मावशीकडून ओव्या ऐकून ऐकून पोरीला एवढं कळलं होतं, की कवितेत जे सांगितलंय ते सरळ सांगितलेलं नसतं, पण कुठल्या तरी शब्दात पकडता येतंच.

तयारी करताय? हे लक्षात ठेवा!

- सुरुवात सातवीत करा, पण क्लासने नाही, वाचनाने. रोज अर्धा तास. कथा, वर्तमानपत्र, विज्ञानावरचे लेख, सगळं. शहराच्या तिन्ही लायब्ररी यंत्रणांनी 2021 मध्ये लेट फी बंद केलीय, त्यामुळे पुस्तकं बिनधास्त आणा.
- शहराच्या शिक्षण खात्याचं हँडबुक फुकट मिळतं, त्यात सराव परीक्षा असतात. बाजारातली जाडजूड पुस्तकं त्यानंतर.
- चुकांची वही ठेवा. 'किती चुकले' यापेक्षा 'का चुकलं' हे लिहा. वाक्य मराठीत लिहून बघा, कारण सापडतं.
- उतारा संपला की पर्याय बघायच्या आधी दोन ओळींत सारांश. मराठीत केला तरी चालेल!
- बाहेरचं ज्ञान बाहेरच ठेवा. तुम्हाला मधमाश्यांबद्दल कितीही माहिती असो, उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं.
- घड्याळ लावून पूर्ण तीन तासांचा पेपर महिन्यातून एकदा तरी. शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला.
- पसंतीक्रम मनापासून द्या. अवघड शाळा वर लिहिली म्हणून खालची शाळा हुकत नाही.
- घरापासून शाळा किती लांब आहे ते एकदा सकाळच्या गर्दीत प्रवास करून बघा. चार वर्षं रोज जायचंय!
- उत्पन्न कमी असेल तर शहराच्या 'ड्रीम' कार्यक्रमात मोफत शिकवणी मिळते. थोडक्यात हुकलेल्या गरजू मुलांसाठी 'डिस्कव्हरी' नावाचा उन्हाळी मार्ग आहे. चौकशी जरूर करा.

नाण्याची दुसरी बाजू

आता जरा सिरियस. या परीक्षेवर न्यूयॉर्कमध्ये वर्षानुवर्षं कडाक्याचं भांडण चालू आहे. शहराच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जवळपास दोन तृतीयांश. पण 2019 मध्ये स्टायव्हसंटने देऊ केलेल्या 895 जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांना मिळाल्या फक्त 7. या आठ शाळांच्या निम्म्याहून जास्त जागा एशियन मुलांकडे जातात, त्यात आपणही आलो. 2018 मध्ये तेव्हाचे मेयर बिल डी ब्लासियो यांनी परीक्षाच रद्द करून प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या मुलांना जागा द्यायचा प्रस्ताव आणला. चिनी आणि भारतीय पालक रस्त्यावर उतरले. प्रस्ताव बारगळला, परीक्षा राहिली.

कोण बरोबर? शनिवारी भाचीसमोर बसलो की वाटायचं, ही पोरगी एवढी राबतेय, तिच्या मेहनतीला मोल मिळायलाच हवं. पण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक मुलगा होता, तिच्याच वर्गातला. हुशार. त्याच्या आईला आठवीचं वर्ष सुरू होईपर्यंत अशी परीक्षा असते हेच माहीत नव्हतं. आमच्याकडे गणिताला भाऊजी, इंग्रजीला मामा, उताऱ्यांना आजी. त्याच्याकडे फक्त तो. परीक्षा सगळ्यांना एकच, पण तिथपर्यंतचा रस्ता एक नाही. पुढच्या शनिवारी भाचीने त्याला वरती बोलावलं. हँडबुकची एक प्रत जास्तीची होतीच.

आणि रिझल्ट?

मावशी ऑक्टोबरमध्ये नाशिकला परतली. नोव्हेंबरात पेपर झाला. निकाल लागायला मार्च 2025 उजाडला, आता तो ऑनलाइनच कळतो.

स्टायव्हसंट नाही मिळालं. ब्राँक्स सायन्सही थोडक्यात हुकलं. मिळालं तिसऱ्या पसंतीचं, जमैकामधलं क्वीन्स हायस्कूल फॉर द सायन्सेस. यॉर्क कॉलेजच्या आवारात 2002 मध्ये सुरू झालेली छोटीशी शाळा, जेमतेम पाचशे मुलं. ताई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधल्या मैत्रिणींसाठी पेढे घेऊन गेली. भाची पहिल्या दिवसापासून खूश, कारण घरापासून एकच बस. खालच्या मजल्यावरच्या मुलाला ब्रुकलिन टेक मिळालं!

आणि ज्यांना या आठातली एकही मिळत नाही, त्यांचं काय? काही बिघडत नाही. याच शहरात टाउनसेंड हॅरिससारखी हायस्कुलं आहेत, जिथे ही परीक्षा लागत नाही आणि शिक्षणही उत्तम. हे वाक्य नोव्हेंबरच्या आधी मुलांना मोठ्याने ऐकवायला हवं, नंतर सांत्वन म्हणून नाही.

तर मंडळी, तुमची बहीण, मित्र, कलीग तिकडे असेल आणि घरात आठवीचं टेन्शन असेल, तर हा लेख फॉरवर्ड करा. आणि त्यांना एक निरोप नक्की सांगा. इंग्रजीसाठी घरातलं मराठी बंद करू नका. आजी-आजोबा आले असतील तर त्यांना उतारे ऐकायला बसवा. फी लागत नाही, चहा मात्र दोनदा करावा लागतो!